पेन नवे, हात जुनाच!

डॉक्टरांच्या अक्षराची थट्टा आपण सगळ्याच करतो. मीही आजवर पुष्कळ केली आहे. ‘ही औषधाची चिठ्ठी की मोडीतले खत?’ हा विनोद तर आमच्या घरात इतका जुना झाला आहे की आता त्याला कोणी हसतही नाही. पण गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला असे काही घडले, की अक्षरावरून दुसऱ्याला हसण्याचा माझा हक्कच गेला.

झाले ते असे. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे. रोज सकाळी एक. जूनमध्ये डॉक्टरांनी तपासून सांगितले, ‘‘आता अर्धीच द्या.’’ मला त्याच दिवशी दुपारी माहेरी कणकवलीला जायचे होते, मामेबहिणीच्या साखरपुड्याला. दोन दिवसांचाच प्रश्न. एसटीची वेळ झाली होती, पिशवी खांद्याला, चपला पायात. स्वयंपाकघरात खिळ्याला कॅलेंडर टांगलेले आणि त्याच खिळ्याला दोऱ्याने बांधलेले बॉलपेन. उभ्या उभ्या मी त्या तारखेच्या चौकटीत लिहिले, ‘आईंची गोळी १/२’. ह्यांना हाक मारून सांगितले, ‘‘अहो, गोळीचं कॅलेंडरवर लिहिलंय हं!’’ आणि निघाले.

भिंतीवर पेन नीट उठले नव्हते. एक आला, दोन आला, मधली तिरकी रेघ काही आलीच नाही. ह्यांनी वाचले, ‘१ २’. सकाळी एक, रात्री दोन! औषध बदलले आहे एवढे त्यांना ठाऊक होते, वाढले की कमी झाले ते मी बोललेच नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीतून मागीलदारी जाताना सासूबाईंना भोवळ आली. शेजारच्या वहिनी तिथेच होत्या म्हणून डोके आपटले नाही. दवाखान्यात नेले, दाब खूप उतरला होता. अर्धा दिवस तिथे ठेवून घेतले आणि संध्याकाळी घरी सोडले. देवाची कृपा, एवढ्यावर निभावले.

मी धावत पळत परत आले. मनात ह्यांच्यावर चिडलेच होते. म्हटलं, एवढं साधं वाचता येऊ नये? हे काही बोलले नाहीत. कॅलेंडर खिळ्यावरून काढून माझ्यासमोर ठेवले नि म्हणाले, ‘‘तूच वाच.’’

मी वाचले. एक... दोन. मला स्वतःलासुद्धा दुसरे काही वाचता येईना.

दोष कोणाचा?

सासूबाईंची प्रकृती सुधारल्यावर एकदा हा विषय निघाला, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, ‘‘गो, आमच्या शाळेत अर्ध्याक दोन उभ्यो रेघो मारीत!’’ खरेच. जुन्या हिशेबांत पाव म्हणजे एक उभी रेघ, अर्धा म्हणजे दोन, पाऊण म्हणजे तीन. दीड लिहायचे तर एकापुढे दोन रेघा. पण तीही रीत आज धोक्याचीच, कारण ती वाचणारे आता घराघरात एखादेच उरले. डॉक्टरांनी सांगितले ते सर्वांत सोपे. ‘‘बाई, औषधाचा अपूर्णांक आकड्यात लिहूच नये. अक्षरी लिहावा. अर्धी म्हणजे अर्धी.’’ पुढे हसून म्हणाले, ‘‘आम्हालाही नियम झालाय बरं का!’’ ते खरे आहे. औषधाचे नाव वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे, असा नियम आपल्या देशात डॉक्टरांसाठी 2016 साली झाला. गृहिणींसाठी असा नियम कोण करणार? तो आपणच आपल्यासाठी करायचा.

मग मी पेनाच्या मागे लागले. तेच बॉलपेन टेबलावर वहीत छान चालत होते. मग भिंतीवर का अडले? कारण अगदी साधे. बॉलपेनाच्या टोकाशी एक बारीक गोळी असते. ती कागदावर फिरते आणि वरच्या नळीतली दाट शाई स्वतःबरोबर खाली आणते. शाई गोळीपर्यंत उतरायला पेनाचे टोक खाली हवे. भिंतीवर लिहिताना आपण पेन आडवे, कधी तर टोक वर करून धरतो. शाई मागे राहते, गोळी कोरडी फिरते. त्यातून स्वयंपाकघरातल्या कागदावर फोडणीचे तेलकट बोट लागलेले असले, तर गोळी घसरते, फिरतच नाही. आपण पेन झटकतो, तोंडाची वाफ देतो, पेनाच्या नावाने बोटे मोडतो. त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो!

हे बॉलपेन उपयोगात आणले ते लास्लो बिरो ह्या हंगेरियन पत्रकाराने. छापखान्यातली शाई चटकन वाळते, मग पेनातली का नाही, असा त्याला प्रश्न पडला. छापखान्याची दाट शाई साध्या निबेतून उतरेना, म्हणून टोकाशी गोळी आली. रसायनाची जाण असलेल्या भावाची त्याला मदत झाली. महायुद्धाच्या काळात हे भाऊ अर्जेंटिनात गेले आणि तिथे 1943 साली त्यांनी ह्या पेनाचे पेटंट घेतले. धावपळीत लिहिणाऱ्यांवर त्यांचे उपकारच आहेत. पण धावपळीतच लिहिण्याची सवय आपल्याला लागली, त्याला ते काय करणार?

पुन्हा शाईचे पेन

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. पाचवी ते सातवीला मराठी. चाळीस चाळीस वह्या तपासायच्या म्हणजे उजव्या हाताच्या मधल्या बोटाला घट्टा पडतो, अंगठा दुखतो. संध्याकाळी पोळ्या लाटताना ते जाणवते. माझ्या मुलीची तर गंमतच. ती पाचवीत आहे. वहीचे पान उलटून पाहिले तर मागच्या बाजूला आंधळ्यालाही बोटांनी वाचता येतील अशी अक्षरे उठलेली! इतका जोर. आम्ही पाचवीत गेलो तेव्हा पेन्सिल सुटून शाईचे पेन हातात आले होते. तेव्हाचे माझे अक्षर बरे होते, असे माहेरच्या जुन्या वह्या सांगतात. म्हणून ठरवले, एक महिना घरचे नि शाळेचे सगळे लेखन शाईच्या पेनाने करून बघायचे. हे म्हणाले, ‘‘पेनाने अक्षर सुधारतं तर मी मोत्यासारखं लिहिलं असतं. लग्नात सात पेनं आली होती मला.’’ सासूबाईंनी तर एका वाक्यात निकाल लावला, ‘‘पेन नवा हाडलंस, पण हात खंयसून हाडतलंस?’’

मालवणच्या बाजारात दुकानदाराने मागच्या कपाटातून धूळ झटकत चार पेने काढून दिली. इथे पहिला धडा मिळाला. पेन घेताना आपण सगळ्याजणी काय करतो? दुकानातल्या गुळगुळीत कागदाच्या तुकड्यावर झोकात सही करतो. सही तर आपण कशानेही करू! आपली नेहमीची वही बरोबर न्यावी आणि त्यावर चार ओळी सावकाश लिहाव्यात. आपल्या देवनागरीत गाठी फार. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ ह्यांत फरक तो केवढासा. ‘ख’चे ‘रव’ व्हायला वेळ लागत नाही. निब जाड असली तर गाठी भरून जातात आणि अनुस्वाराचा थेंब होतो. म्हणून बारीक निब बरी. मी ‘खमंग घावन, भरली वांगी’ असे लिहून बघितले. दुकानदार हसला, पण गाठी सगळ्या मोकळ्या आल्या ते पेन मी घेतले.

शाईची बाटली हातात घेतली तेव्हा सासूबाईंना पाण्यात कालवायची शाईची पुडी आठवली. ह्या शाईला आपल्या महाराष्ट्रात चांगला इतिहास आहे. स्वदेशीच्या काळात, 1931 साली, दि. प. दांडेकर ह्यांनी मुंबईत शाईच्या पुड्या आणि गोळ्या करायला सुरुवात केली. त्यांच्यावर घोड्याची खूण होती. पुढे बाटलीतली शाई आली ती उंटाच्या नावाने, ‘कॅमल’ म्हणून. त्यातूनच ‘कॅम्लिन’ हे नाव घरोघरी पोचले. आपल्यापैकी कितीजणींची कंपासपेटी आणि रंगपेटी त्याच नावाची होती! 2011 साली ह्या कंपनीचा मोठा हिस्सा कोकुयो ह्या जपानी कंपनीने घेतला आणि नाव ‘कोकुयो कॅम्लिन’ झाले.

पहिला आठवडा फजितीचा

पहिल्या दिवशी बोटे निळी, ओट्याची कड निळी, मुलीच्या युनिफॉर्मची बाही निळी. वहीत अक्षरे ठळक, पण कडा केसाळ. म्हणजे शाई फुटत होती. मी पेनाला नावे ठेवली. मग तेच पेन एका जाड, गुळगुळीत पानावर चालवले, तर अक्षर स्वच्छ! दोष कागदाचा होता. कागद बनवताना त्याला खळ लावतात, अगदी आपल्या सुती साडीला लावतो तशी. खळ कमी असली की कागद शाई पिऊन टाकतो. त्यात आमच्या किनाऱ्यावरचा पावसाळा. आषाढात पापड, मीठ, काडेपेटी सगळे सर्दावते, तिथे कागद कसा सुटेल? मी आता चालू वही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. शेजारी भाजून गार केलेल्या तांदळाची छोटी पुरचुंडी. शाई फुटणे पुष्कळ कमी झाले. आठवड्याने तांदूळ पुन्हा भाजायला मात्र विसरू नये.

दुसरी चूक माझी स्वतःची. बॉलपेनाच्या सवयीने मी जोर देत होते. बॉलपेन उभे धरून दाबावे लागते, तरच गोळी फिरते. शाईच्या पेनाला जोर मुळीच नको. समईची वात जशी तेल वर ओढून घेते, तशी निबेतली बारीक चीर शाई ओढून घेते आणि कागदाला टेकताच ती उतरते. दाबले की निबेची दोन टोके फाकतात. आधी शाईचा लोंढा येतो, मग निब कायमची बिघडते. पेन थोडे कलते, मनगटाच्या बाजूला टेकलेले, अंगठा नि तर्जनी हलकेच, खाली मधल्या बोटाचा आधार. मी स्वतःला सांगितले, लिहायचे नाही, रांगोळीची रेघ सोडायची. तेव्हा कुठे जमले.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस पोळ्या लाटताना लक्षात आले, अंगठा दुखत नाहीये. एवढ्या एका गोष्टीसाठी पेनाचे पैसे वसूल झाले! मुलीलाही तेच पेन देऊन पाहिले. तिच्या पानामागचे उठाव गेले. तिचे अक्षर सुंदर झाले असे मी म्हणणार नाही, पण ती सावकाश लिहू लागली. ‘‘आई, भराभर लिहिलं की हे पेन ऐकत नाही,’’ अशी तिची तक्रार आहे. मला ती तक्रार फार आवडली.

कोणत्या कामाला कोणते?

महिनाभराच्या अनुभवानंतर मी बॉलपेन फेकून दिले, असे मात्र नाही. स्वयंपाकघरात सगळ्या भाज्यांना एकच सुरी चालते का? तसेच हे.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूध, वाणी, गॅसचा हिशेब लिहायला साधी शिसपेन्सिल. तिच्यात पातळ शाई नाही, त्यामुळे आडवी धरा की वर तोंड करून धरा, ती उठते. दोऱ्याला आता आमच्याकडे पेन्सिल बांधलेली आहे. घराघरात हिशेबाची वही झालेले ‘कालनिर्णय’ 1973 साली सुरू करणारे जयंतराव साळगावकर आमच्या मालवणचेच, हे सांगायचा मोह आवरत नाही.

फॉर्म, चेक, पार्सलचे आणि पत्राचे पत्ते ह्यांना बॉलपेनच. त्याची शाई तेलकट असल्याने पाण्याने जात नाही. शाईच्या पेनातली साधी निळी शाई पाण्याने पसरते, उन्हात फिकी पडते. आमच्याकडच्या पावसात पोस्टमन दारात येईपर्यंत पत्त्याचे निळे तळे व्हायचे!

वह्या तपासणे, सविस्तर पत्र, पाककृतींची वही, मुलांना घालून द्यायचा कित्ता, जिथे पानभर लिहायचे आहे आणि दुसऱ्याने ते निवांत वाचायचे आहे, तिथे शाईचे पेन. मात्र वापर रोज हवा. आठ दिवस पडून राहिले तर शाई आत वाळते. मग निब आणि तिच्याखालची पन्हळीची पट्टी साध्या गार पाण्यात तासभर ठेवावी, पाणी निवळेपर्यंत धुवावी आणि फडक्यावर वाळू द्यावी. उकळते पाणी नको, टाचणी तर मुळीच नको.

डागांचेही सांगून टाकते, कारण पेन घरात आले की डाग आलेच. शाईच्या पेनाचा डाग ओला असतानाच टिपून घ्यावा, चोळू नये. मग गार पाण्याच्या धारेखाली धरून साबण लावावा. गरम पाण्यात टाकला तर बसलाच म्हणून समजा. बॉलपेनाच्या डागाला पाणी उपयोगी नाही. डागाखाली जुने फडके ठेवून वरून कापसाने स्पिरिट किंवा हाताला लावायचे सॅनिटायझर टिपत जावे. आधी कपड्याच्या आतल्या शिवणीवर रंग जात नाही ना, ते पाहावे.

अक्षर कोणासाठी?

ह्या निमित्ताने ‘दासबोध’ पुन्हा काढला. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनावर आहे. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे, ओळी सारख्या असाव्यात, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे, असे समर्थ सांगतात. पानाच्या कडा झिजतात म्हणून समास सोडावा, हेसुद्धा! परमार्थ सांगणाऱ्या संताला इतक्या बारीक गोष्टीची काळजी का? कारण लिहिलेले दुसरा वाचणार आहे. गांधीजींनीही आत्मकथेत आपल्या वाईट अक्षराची खंत मोकळेपणाने मांडली आहे. मुलांना आधी चित्र काढायला आणि मग अक्षर काढायला शिकवावे, असे त्यांचे मत होते.

माझी समजूत अशी होती, की चांगले अक्षर ही हौसेची गोष्ट, भरतकामासारखी. वेळ असेल तिने करावी. आता तसे वाटत नाही. आपण बायका दिवसभर जे लिहितो ते कोणी छापत नाही. यादी, निरोप, औषधाची वेळ, मसाल्याचे प्रमाण, गॅसचा नंबर. पण आपण घरात नसताना घर चालते ते ह्याच चिठ्ठ्यांवर. मोबाइलवर निरोप टाकता येतो हे खरे, आणि मीही टाकते. पण सासूबाई मोबाइल वाचत नाहीत, आणि औषधाच्या डब्यापाशी उभ्या राहिलेल्या माणसाला डब्यावरचाच कागद दिसतो.

खरे सांगायचे तर माझा हात अजून जुनाच आहे. घाई झाली की अक्षर पुन्हा पूर्वपदावर येते. गेल्याच आठवड्यात मुलीने माझी वाण्याची यादी वाचून ‘खोबरं’ऐवजी ‘रवो बरं’ म्हणजे काय, असे विचारले. तेव्हा पेनाने चमत्कार होतो असे मी कोणाला सांगणार नाही. पेनाने एवढेच झाले, की मला थांबावे लागते. टोपण काढायचे, बसायचे, मग लिहायचे. तेवढ्या वेळात आपण काय लिहितो आहोत आणि ते कोण वाचणार आहे, हे मनात येते.

औषधाच्या डब्यावर आता पोस्टकार्डाएवढा जाड कागद चिकटवला आहे. पाणी लागू नये म्हणून वर पारदर्शक पट्टी. तो मी टेबलाशी बसून, दोनदा कच्चा लिहून मग पक्का केला. लावून झाल्यावर सासूबाईंना म्हटले, ‘‘आई, वाचून बघा.’’ त्यांनी चष्मा शोधायला कनवटीला हात नेला, मग तसाच मागे घेतला. कागदाजवळ जाऊन मोठ्याने वाचले, ‘‘आई. रोज सकाळी, न्याहारीनंतर. अर्धी गोळी. रात्री नाही.’’

‘‘आता कसा चष्म्याशिवाय वाचूक येता!’’ असे म्हणून त्या आत गेल्या. मी ह्यांच्याकडे पाहिले. ह्यांनी काही न बोलता तो कागद पुन्हा एकदा, स्वतःसाठी, वाचून घेतला.